आगोट

उपकेंद्राच्या आतल्या खोलीत बाळंतपणाचं टेबल होतं. स्टीलचं, जवळजवळ नवं. वर दिवा, कोपऱ्यात बाळाला ऊब द्यायचा वॉर्मर, कपाटात निर्जंतुक केलेल्या हत्यारांचे ट्रे. सगळं पुसून-पासून ठेवलेलं. त्या वर्षात तिथं दोन बाळंतपणं झाली होती. बाहेर पडवीत मात्र बसायला जागा नव्हती. बाकावर, पायरीवर, गडग्यावर मिळून पंधराएक माणसं होती आणि त्यांतलं एकही साठीच्या आतलं दिसत नव्हतं. त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या हव्या होत्या. त्या आठवड्यात गोळ्या आल्या नव्हत्या.

गोष्ट 2017 सालची. मी कोकणातल्या एका तालुक्यात आरोग्य खात्याच्या आकडेवारीचं काम बघायचे. महिन्याचे अहवाल गोळा करायचे, त्यांची टक्केवारी काढायची, आणि दिवाळीनंतर पुढच्या वर्षाच्या आराखड्याचे तक्ते भरायचे. त्या उपकेंद्रात मी आले होते ती सिस्टरनं बोलावलं म्हणून. गावात आरोग्यसेविकेला सगळे सिस्टरच म्हणतात, मीही तसंच म्हणायचे.

त्याआधी आठ दिवस मासिक सभेत तिला उभं केलं होतं. गरोदर मातांची नोंदणी कमी. आमचं गणित असं असे: गावाची लोकसंख्या गुणिले जन्मदर, भागिले हजार, आणि त्यात दहा टक्के अधिक. लोकसंख्या 3,000 आणि जन्मदर 15 धरला तर 45 जन्म, म्हणजे साधारण 50 गरोदर माता. हे झालं तिचं वर्षाचं अपेक्षित काम. लोकसंख्येचा आकडा 2011 च्या जनगणनेचा, त्यावर दरवर्षी थोडी वाढ धरलेली. तिच्या नोंदवहीत नावं होती 21. "उरलेल्या 29 जणी कुठं आहेत?" असा प्रश्न तिला भर सभेत विचारला गेला. ती खाली मान घालून उभी राहिली. तो तक्ता मी बनवला होता.

सभा संपल्यावर ती माझ्या टेबलाशी आली. रागावलेली नव्हती. म्हणाली, "मॅडम, तुम्ही एकदा वाडीवर चला. मी घरन् घर शोधलंय. आता तुम्ही शोधा."

म्हणून मी गेले. उपकेंद्रापासून वरच्या वाडीपर्यंत चिऱ्याच्या पायऱ्यांची घाटी आहे. मधे दोनदा थांबावं लागलं. वर गेल्यावर पहिलं घर बंद, दुसरं बंद, तिसऱ्याच्या खळ्यात एक आजी आमसुलं वाळवत बसलेली. पुढची तीन बंद. कुलपं गंजलेली, पण अंगणातली तुळस जिवंत. शेजारचं कुणीतरी पाणी घालत असणार. आजी सिस्टरला म्हणाली, "बाय माजे, आता घाटी उतरवत नाय गो. गोळ्या तूच घिऊन ये." मुलगा विरारला, सून विरारला, नातवंडं तिथंच जन्मलेली. माझ्या तक्त्यातल्या 29 गरोदर बायका विरारला, नालासोपाऱ्याला, डोंबिवलीला होत्या. वाडीवर त्यांच्या सासवा होत्या, आणि सासवांसाठी माझ्या तक्त्यात रकाना नव्हता.

सिस्टरच्या पिशवीत एक दोनशे पानी वही होती. खात्यानं दिलेली नव्हे, तिची स्वतःची. घर क्रमांक, घरात आत्ता कोण, वय, दुखणं काय, मुलं कुठं आणि शेवटचा रकाना: 'परत कधी'. बंद घरांपुढे तिनं लाल शाईनं 'बंद' लिहिलं होतं, पण रकाना मोकळा सोडला नव्हता. "हे दोघं नवरा-बायको मुंबईत. तो चार वर्षांनी रिटायर होणार, मग इथंच येणार. बायकोला साखर आहे." पुढचं घर. "हे येणार नाहीत. पोरानं तिकडे ब्लॉक घेतला." पुढचं. "ही एकटी. अजून घाटी उतरते. अजून दोनेक वर्षं उतरेल."

'अजून दोनेक वर्षं उतरेल.' आराखड्याचे इतके तक्ते मी भरले, पण असं वाक्य त्यांत लिहायला कुठं जागाच नव्हती.

आमचा आराखडा व्हायचा तो असा: गेल्या वर्षी किती आले, किती खर्च झाले, अधिक दहा टक्के. गाडी चालवताना मागचं बघायचा आरसा लागतोच, पण आम्ही सगळा घाट त्या आरशात बघून चढत होतो. गेल्या वर्षी जी माणसं दारात आली तीच मोजली जायची. जी येऊ शकली नाहीत ती नाहीत, आणि जी पाच वर्षांनी येणार आहेत ती तर नाहीतच.

आणि याहून वेगळी रीत आमच्याच आईकडून, आजीकडून आम्हाला शिकायला मिळाली होती, हे मला फार उशिरा सुचलं. कोकणात आगोट म्हणतात. मृगाच्या आधीची बेगमी. मे महिना लागला की आईची धांदल सुरू व्हायची: तांदूळ, कुळीथ, सुकी मासळी, मीठ, शेणी-लाकडं, घर शाकारून घेणं, पडवीला झापं बांधणं. पण गेल्या वर्षी किती लागलं एवढ्यावर ती थांबत नसे. यंदा मोठी नणंद बाळंतपणाला येणार, तर मेथी-डिंक. आजोबांचे दात गेले, तर मऊ भाताचे तांदूळ जास्त. धाकटा आता वाढत्या अंगाचा, त्याचं पोट मोठं झालंय. ती माणसाकडे बघून माप भरायची. आणि सगळं भरून झालं की एक पायली तांदूळ वेगळ्या मडक्यात काढून ठेवायची. त्याला ती 'आल्यागेल्याचं' म्हणायची. कोण येणार आहे हे तिला ठाऊक नसे, पण कुणीतरी येईल हे ठाऊक असे.

माझ्या आईला 2009 साली पक्षाघात झाला. ती गावी एकटी होती. सकाळी शेजारीण दूध द्यायला आली तेव्हा ती माजघरात पडलेली सापडली. केव्हा पडली ते कुणालाच ठाऊक नाही. मेंदूत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, त्याआधी सीटी स्कॅन लागतो, हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा सगळ्यात जवळचा सीटी स्कॅन दोन घाट ओलांडून होता. उजवी बाजू गेली ती गेलीच. पुढे तीन वर्षं ती अंथरुणावर होती.

तिचा रक्तदाब कितीतरी वर्षं वाढलेला असणार. तो कुणीच कधी मोजला नव्हता. मी आरोग्य खात्यात नोकरीला होते आणि माझ्या आईचा रक्तदाब मोजला गेला नव्हता. पुष्कळ रात्री मी आमच्या नोंदवह्या मनात उघडून बघितल्या आहेत. पात्र जोडप्यांची, म्हणजे कुटुंबनियोजनाची नोंदवही: बाई 15 ते 49 वयाची हवी. पन्नाशी आली की नाव कमी. गरोदर मातांची: नाही. लसीकरणाची: नाही. क्षय, कुष्ठ, हिवताप: देवाच्या दयेनं नाही. चार बाळंतपणांच्या काळात तिचं नाव आमच्या कागदांवर पुन्हा पुन्हा आलं असेल. पन्नाशीनंतरची वीस वर्षं ती आमच्या कुठल्याही कागदावर नव्हती.

कर्करोग, मधुमेह, हृदयविकार आणि पक्षाघात यांच्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 साली सुरू झाला, तोही आधी निवडक जिल्ह्यांत. मला याचा राग नाही, कुठूनतरी सुरुवात व्हायची असते. मला सलतं ते वेगळंच. ही लाट काही अचानक आली नाही. जनगणनेमागून जनगणनेत म्हाताऱ्या माणसांचं प्रमाण वाढताना दिसत होतं. ज्येष्ठ नागरिकांचं राष्ट्रीय धोरण 1999 सालीच आलं होतं. 2009 मध्ये सत्तर वर्षांची असणारी बाई 1989 मध्ये पन्नास वर्षांची होती आणि त्याच घरात राहत होती. तिला शोधायला ज्योतिष लागत नव्हतं.

जे आधी होऊन गेले त्यांनी पुढचं बघितलंच नाही, असंही नव्हे. देशाच्या आरोग्यसेवेचा पहिला मोठा आराखडा मांडणाऱ्या भोर समितीचा अहवाल मी निवृत्तीनंतर सावकाश वाचला. 1943 साली, महायुद्ध चालू असताना आणि बंगालात दुष्काळानं माणसं मरत असताना ती समिती नेमली गेली. 1946 साली अहवाल आला. तेव्हा या देशात जन्मणाऱ्या मुलाचं सरासरी आयुर्मान 27 वर्षांच्या आसपास होतं. अशा काळात त्या माणसांनी दर 40,000 वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र ही पहिली पायरी मांडली आणि त्यापुढे, लांबच्या पल्ल्यासाठी, दर 10 ते 20 हजार वस्तीला 75 खाटांचं रुग्णालय. आज आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चार-सहा खाटा असतात. तो आकडा वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. इतकं मोठं स्वप्न इतक्या वाईट दिवसांत कुणाला पडलं होतं!

पहिली प्राथमिक आरोग्य केंद्रं 2 ऑक्टोबर 1952 च्या समुदाय विकास कार्यक्रमाबरोबर उभी राहू लागली. पुढे निकष ठरले ते आजवर आम्हाला पाठ आहेत: सपाटीवर 5,000 माणसांमागे एक उपकेंद्र, डोंगरी आणि आदिवासी भागात 3,000 मागे, आरोग्य केंद्र 30,000 मागे, डोंगरात 20,000 मागे. या निकषांनी देशाचं फार भलं केलं. मुलं जगली, आया जगल्या. ती मुलं मोठी झाली, म्हातारी झाली. आयुर्मान सत्तरीच्या घरात पोचलं. आरोग्यसेवेच्या यशानंच आरोग्यसेवेपुढचं काम बदललं, आणि निकष मात्र डोकी मोजत राहिला. डोकं पाच वर्षांचं की पंच्याहत्तर वर्षांचं, हे तो विचारत नाही.

कोकणात याचा फार विचित्र परिणाम होतो. 2001 साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 होती, 2011 साली ती 16,15,069 झाली. सिंधुदुर्गाची 8,68,825 होती, ती 8,49,651 झाली. राज्य वाढत असताना हे दोन जिल्हे घटले. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे 1,122 बाया. म्हणजे पुरुष कुठं आहेत ते सांगायला नको. डोकी कमी झाली म्हणून निकषानं गरज कमी झाली. प्रत्यक्षात जी गेली ती तरणी, धडधाकट डोकी. ज्यांना दवाखाना कमी लागतो ती. मागे राहिली ती ज्यांना रोज काहीतरी लागतं. लोकसंख्या घटली आणि काम वाढलं, हे कागदावर पटवून देताना मी कितीदा तरी थकले आहे.

आणि गेलेली माणसंही कायमची गेलेली नसतात. चाकरमानी परत येतो. विशीत गिरणीत गेलेला माणूस कापसाच्या धुळीनं भरलेली छाती घेऊन साठीत गावी येतो, खळ्यात खाट टाकून बसतो. मुंबईच्या गिरण्यांचा संप 18 जानेवारी 1982 ला सुरू झाला. त्या लाटेत किती घरं गावी परतली हे आमच्या वाड्यांना ठाऊक आहे. तरुणपणी ज्या शहरात राबला तिथल्या आरोग्यसेवेनं त्याला सांभाळलं असेल-नसेल, पण त्याचं म्हातारपण आमच्या उपकेंद्राच्या वाट्याला येतं. मुंबईत आज पन्नाशीत असलेल्या किती माणसांचं घर आमच्या तालुक्यात आहे, हा आकडा आमच्या आराखड्याच्या पहिल्या पानावर हवा. तो फक्त सिस्टरच्या वहीत होता.

दरवर्षी गणपतीला हेच आम्ही उत्तम करतो. महामार्गावर आरोग्यपथकं, रेल्वे स्टेशनवर पथकं, औषधांचा साठा, सुट्ट्या बंद, विहिरींचं पाणी तपासून घेतलेलं. गावाची माणसं आठ दिवसांत दुप्पट होतात आणि आमची तारांबळ होत नाही. कारण चतुर्थीची तारीख पंचांगात छापलेली असते. साठी कधी येणार ती तारीखही जन्मनोंदीत छापलेली असतेच की.

पण सगळीकडे हा एकच नियम लावू नये. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर 1.7 आला, म्हणजे सरासरी बाईला दोनही मुलं नाहीत. पण ती सरासरी आहे. नंदुरबारच्या किंवा मेळघाटातल्या पाड्यावर बाळंतपणाची खोली हीच अजून सगळ्यात मोलाची खोली आहे आणि तिथलं टेबल कुणी हलवू म्हटलं तर मी आडवी येईन. राज्य एक असलं तरी गावागणिक पुढचे दिवस वेगळे आहेत. कोकणातल्या आराखड्यासाठी बघायला जायचं ते केरळात. 2011 सालीच तिथं साठीपुढची माणसं साडेबारा टक्क्यांच्या वर होती, आपल्या राज्यात दहाला टेकत होती. खिळलेल्या, दुखण्यानं पिचलेल्या माणसांना घरी जाऊन आराम देण्याच्या सेवेचं सरकारी धोरण केरळनं 2008 मध्ये केलं. आईच्या त्या तीन वर्षांत आठवड्याला एखादी नर्स घरी आली असती, पाठीच्या जखमा तिनं धुतल्या असत्या, कूस कशी बदलायची ते मला दाखवलं असतं, तर? तेव्हा असं काही असतं हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

अशा गोष्टी हव्या म्हटल्यावर उद्या मिळत नाहीत. डॉक्टर व्हायला साडेपाच वर्षं, पुढे तज्ज्ञ व्हायला तीन, मेंदूविकारासारख्या शाखेला आणखी तीन. आज वैद्यकीय महाविद्यालयात पाऊल ठेवणारी मुलगी मेंदूविकाराची किंवा वार्धक्याची तज्ज्ञ म्हणून हाताशी येईल तेव्हा आज साठीत असलेली माझी मैत्रीण सत्तरीत असेल. इमारत बांधली की ती पन्नास वर्षं आहे तिथंच राहते. पायऱ्या करायच्या की उतार, दार चाकाची खुर्ची जाईल एवढं रुंद ठेवायचं की नाही, हे नकाशावर एकदाच ठरतं. आमच्या उपकेंद्राला सात पायऱ्या आहेत. ज्यांनी तो नकाशा केला त्यांच्या डोळ्यांपुढे गरोदर तरुणी होती.

राहिलं आईचं ते वेगळं मडकं. मी नोकरीत असताना जे जे मोठं घडलं, त्यातलं बरंचसं कुठल्याच तक्त्यात बसणारं नव्हतं. 2016 साली दोडामार्गात काजूच्या बागांत माकडं मरू लागली आणि माकडताप आला. त्याआधी तो आजार आमच्यासाठी कर्नाटकातला होता. 2020 च्या मेमध्ये चाकरमानी गणपती नसताना आले, शाळा विलगीकरणाला दिल्या, आणि सिस्टर पहाटेपासून रात्रीपर्यंत घाट्या चढली. 22 जुलै 2021 ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी माडीला लागलं. घरं, बाजारपेठ, दवाखाने सगळं पाण्यात. 2005 च्या जुलैत तिथंच पूर येऊन गेला होता. तरी तळमजल्यावर ठेवू नये ते तळमजल्यावर होतं.

असल्या दिवसांची तारीख कुणीच सांगू शकत नाही, पण त्यांच्यासाठी जागा ठेवता येते. दोन माणसं जास्त, एक खोली रिकामी, औषधांचा महिन्याभराचा जादा साठा, जनरेटर वरच्या मजल्यावर. आमच्या हिशेबात मात्र रिकामी खोली ही चूक ठरते. मार्चअखेर जो निधी उरला तो पुढच्या वर्षी कापला जातो, म्हणून मार्चमध्ये कशावर तरी खर्च होतो. मडक्यातले तांदूळ उरले म्हणून आईनं पुढच्या वर्षी मडकं भरलं नाही, असं कधी झालं नाही.

बदल झाले, ते सांगायला हवेत. 2018 नंतर उपकेंद्रं आरोग्यवर्धिनी झाली, आता त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. समुदाय आरोग्य अधिकारी आले. आशाताई घरोघर जाऊन तिशीपुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे कुणाला कसला धोका आहे ते पारखायचा तक्ता, भरू लागल्या: तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, घरात कुणाला साखर-रक्तदाब. त्या फॉर्मवर माझ्या आईचं नाव आलं असतं. पहिला गठ्ठा कार्यालयात आला तेव्हा मी तो घरी न्यावा तसा दोन्ही हातांत धरला होता. आणि जनगणना, जी 2021 ला व्हायची ती राहिली, ती आता 2027 मध्ये होते आहे. म्हणजे सोळा वर्षं आम्ही जुन्याच आकड्यावर वाढ धरत आलो. नवा आकडा आला की कुणीतरी नवा तक्ता करेल. तो करणाऱ्या मुलाला किंवा मुलीला मला एवढंच सांगायचं आहे की बेरीज करण्याआधी वयांचा रकाना उघडा आणि मग एकदा घाटी चढून या.

सिस्टर माझ्या आधी निवृत्त झाली. जाताना वही नव्या समुदाय आरोग्य अधिकारी मुलीला देऊन गेली. ती मुलगी लातूरकडची, पावसाला घाबरलेली, पण कामाची. गेल्या चैत्रात तिनं मला फोन केला. "मॅडम, वहीतल्या पुष्कळ नोंदी बदलल्यात. तुम्ही सोबत याल का?"

दोघी वर गेलो. मला आता घाटीत चारदा थांबावं लागतं. 'अजून दोनेक वर्षं उतरेल' असं जिच्यापुढे लिहिलं होतं ती बाई घरातच होती, गुडघ्याला तेल लावत. ती घाटी उतरली होती ती पुरी चार वर्षं. मुलीनं जुनी ओळ खोडली आणि 'घरी जाऊन, महिन्यातून दोनदा' असं लिहिलं. आजीच्या शेजारचं घर, ज्याच्यापुढे लाल शाईत 'बंद' होतं, त्याच्या खळ्यात चिरे आणि वाळू पडलेली. शेजारचे काका म्हणाले, मालक मुंबईला बेस्टमध्ये आहे, 2031 ला रिटायर होतोय, म्हणून आत्ताच घर दुरुस्त करून घेतोय. दोन वर्षांपूर्वी त्याची अँजिओप्लास्टी झालीय.

मुलगी पेन धरून थांबली. "हे कुठं लिहू, मॅडम? आत्ता तर इथं कोणीच राहत नाही."

"शेवटच्या रकान्यात," मी म्हटलं.

तिनं लिहिलं: 2031. दोघं. एकाला हृदयाचा त्रास. मग वाकून पडवीकडे बघितलं, पायऱ्या मोजल्या आणि त्याही लिहिल्या.